तीन वेळा वाचलं, तरी पेपरात आठवत नाही

पत्र

सर, मी दहावीला आहे, मराठी माध्यम. पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग २ ला ४० पैकी १९ मिळाले. पुस्तक तीन वेळा वाचलंय, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या मार्करने रंगवल्यात. पण पेपर हातात आला की सगळं एकमेकांत मिसळतं. विकरं एकीकडे, रोग दुसरीकडे, उत्क्रांती तिसरीकडेच. अकरावीला सायन्स घ्यायचंय, म्हणून बाई म्हणतात आठवी-नववीचंही पक्कं कर. बाबा डायजेस्ट आणतो म्हणतात, ताई म्हणते रंगीत तक्ते कर. अजून एक. मागे शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली, त्यात माझी मैत्रीण ‘वाहक’ निघाली. वर्गातले पोट्टे ‘हिच्याजवळ बसू नका’ म्हणून चिडवतात. तो भाग मी वाचलेला आहे, तरी मला त्यांना धड उत्तर देता आलं नाही. उजळणी नेमकी कशी करू?

– एक विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर

अगं, तुझ्या १९ मार्कांचं कारण तुझ्याच पत्रात आहे. धडा वाचलाय, पण पोट्ट्यांना उत्तर देता आलं नाही, असं तू लिहितेस. पेपरातही नेमकं तेच झालं. म्हणून उजळणी धडा पहिला, धडा दुसरा अशी करू नकोस. सिकलसेलपासून सुरू कर. प्रथिनं, विकरं (एन्झाइम, शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी), आनुवंशिकता, मलेरिया, उत्क्रांती, हे सगळे धडे त्या एका आजाराशी येऊन मिळतात. ते कसं ते खाली सांगतो.

त्याआधी तीनदा वाचण्याबद्दल. तू आळशीपणा केलेला नाहीस, पण कष्ट चुकीच्या जागी गेलेत. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं, लिहून काढणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच होती. पिवळ्या केलेल्या ओळी डोळ्यांना ओळखीच्या होतात आणि आपण ओळखीलाच ज्ञान समजतो. पेपरात ओळ समोर नसते, ती आतून काढावी लागते, आणि त्या कामाचा सराव तू एकदाही केलेला नाहीस.

तेव्हा आजपासून पुस्तक मिटायचं. पाठकोरा कागद घे, वर एकच शब्द लिही, समज ‘विकर’, आणि आठवेल ते सगळं उतरव. आकृती, उदाहरण, अर्धवट वाक्य, काहीही चालेल. दहा मिनिटांत आटपलं तरी लगेच पुस्तक उघडू नकोस, अजून थोडा वेळ डोकं खाजव. मग पुस्तक उघड आणि राहिलेलं व चुकलेलं लाल पेनने त्याच कागदावर भर. दुसऱ्या दिवशी त्याच विषयाचा नवा कागद, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. लाल शाई कमी होत गेली की समजायचं काम होतंय. पहिल्या दिवशी कागद जवळजवळ लालच होईल. त्या दिवशी रडू नकोस, एवढं सांगून ठेवतो.

आता विषय.

विकरांबद्दल एकच गोष्ट घट्ट धर: विकर हे प्रथिन आहे आणि प्रथिनाचं काम त्याच्या आकारावर चालतं. अमिनो आम्लांची लांब साखळी ठरावीक पद्धतीने दुमडते, तिच्यात एक खाच तयार होते, आणि त्या खाचेत बसणाऱ्या पदार्थावरच ते विकर काम करतं. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली. ती आजही चालते, फक्त हे कुलूप किल्ली आत शिरताना स्वतःही थोडं वळतं, हे पुढे १९५८ साली कोशलँडने दाखवलं. एवढं समजलं की विकरांवरचे निम्मे प्रश्न पाठांतराशिवाय सुटतात. लाळेतलं अमायलेझ पिष्टमय पदार्थावर काम करतं, प्रथिनावर का करत नाही? खाच वेगळी आहे. लाळ साधारण उदासीन असते, सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) सातच्या आसपास. जठरात सामू दोनच्या जवळ उतरतो, तिथे अमायलेझ थांबतं. का? आम्लाने आकार बिघडतो. पेप्सीन हे जठरातलं विकर मात्र त्याच आम्लात उत्तम चालतं, कारण त्याचा आकार तिथेच नीट राहतो. पुढे लहान आतड्यात अल्कधर्मी वातावरण मिळतं आणि ट्रिप्सीनची पाळी येते.

इथे मुलं हमखास दोन चुका करतात. पहिली: ‘उकळल्यावर विकर मरते’. विकर जिवंतच नसतं, मरेल कसं? त्याचा आकार कायमचा बिघडतो. दुसरी: थंडीतही तसंच होतं असं लिहिणं. थंडीत विकर फक्त मंदावतं. म्हणून फ्रिजमधलं विरजण बाहेर काढून कोमट दुधात घातलं की दही लागतं, पण तेच विरजण उकळत्या दुधात टाकलं तर आई ओरडेल, आणि दहीही लागणार नाही. (दह्यात जिवाणूही असतात आणि ते मात्र खरोखर मरतात. परीक्षेत हा फरक लिहिलास तर तपासणारे खूश होतील.) आणखी एक सापळा पित्तरसाचा. पित्तरस विकर नाही. तो मेदाचे बारीक थेंब करतो, ते पचवण्याचं काम लायपेजचं. अशी वाक्यं ‘चूक की बरोबर’मध्ये टाकायला सोपी असतात.

एक प्रयोग घरी कर, अर्ध्या तासाचं काम आहे. औषधाच्या दुकानात जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर त्याचे दोन-चार थेंब टाक, फसफसून फेस येईल. तो ऑक्सिजन. बटाट्यातलं कॅटालेझ नावाचं विकर पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. आता उकडलेल्या बटाट्यावर तेवढेच थेंब टाक. काहीही होणार नाही. दोन्ही फोडी एका ताटलीत ठेवून बाबांना दाखव आणि का ते त्यांना समजावून सांग. समजावताना जिथे अडखळशील तिथे तुझा लाल पेन लागणार आहे.

श्वसनाच्या धड्यातही हीच विकरं आहेत, फक्त नावं वेगळी. ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोज तोडणं, त्याच्या दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला तिचं स्वतंत्र विकर. दहा नावं आत्ता पाठ करू नकोस, अकरावीत तो छळ आहेच. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू, निव्वळ दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), आणि हे पेशीद्रव्यात घडतं, पुढचं तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात). एवढं पुरे. पूर्ण ऑक्सिडीकरणातून पुस्तकात ३८ एटीपी दिलेत, पेपरात तेच लिही. वरच्या वर्गात हा आकडा ३० ते ३२ पर्यंत खाली येतो, पण तो वाद बोर्डाच्या पेपरात घालायचा नाही.

आता सिकलसेलकडे येऊ. इथे मी सावकाश जाणार आहे.

रक्तातलं हिमोग्लोबिन विकर नाही, पण प्रथिन आहे, म्हणून नियम तोच: आकारावर काम. त्याच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. त्यातल्या सहाव्या जागी नेहमी ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलीन येतं. बाकी १४५ जागा जशाच्या तशा. डीएनएच्या भाषेत बोलायचं तर जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी झालं, म्हणजे एकच अक्षर बदललं. पुस्तकातल्या पहिल्या धड्यात प्रतिलेखन, भाषांतरण आणि उत्परिवर्तन आहे ना, ते सगळं या एका अक्षरावर घालून बघ. डीएनएचं अक्षर बदललं, प्रतिलेखनात एम-आरएनएमध्ये तो बदल उतरला, भाषांतरणात त्या जागी दुसरं अमिनो आम्ल आलं आणि साखळी वेगळी झाली. तो धडा तू नुसता वाचला असशील तर या चार पायऱ्या आत्ता पुस्तक न बघता लिहून बघ.

व्हॅलीन आल्याने काय बिघडतं? ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हातापायांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्तक्षय. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटलं. त्याआधी आजाराचं बोट थेट एका रेणूवर कोणी ठेवलं नव्हतं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं, ते काही वर्षांनी व्हर्नन इनग्राम यांनी शोधलं.

इथे आनुवंशिकता येते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही बदललेल्या असतील तर आजार होतो. एकच बदललेली असेल तर ती व्यक्ती वाहक; दुसऱ्या प्रतीवरून चांगलं हिमोग्लोबिन पुरेसं तयार होतं आणि सहसा काहीही त्रास होत नाही. तुझ्या मैत्रिणीचं हेच आहे. ती आजारी नाही, तिला औषधाची गरज नाही, आणि जवळ बसून, डबा वाटून, एका बाकावर झोपलं तरी हे कुणाला ‘लागत’ नाही. इथे जिवाणू नाही, विषाणू नाही. जन्माच्या आधी ठरलेली गोष्ट आहे. चिडवणाऱ्या पोट्ट्यांना विचार, तुमच्या डोळ्यांचा रंग माझ्याजवळ बसून बदलतो का रे? आणि शाळेत होते ती पहिली सोल्युबिलिटी चाचणी वाहकात आणि रुग्णात फरक करत नाही, दोघांचीही ‘पॉझिटिव्ह’ येते. तो फरक पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळतो. मैत्रिणीकडे तो दुसरा रिपोर्ट नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारायला सांग. पुढे लग्नाच्या वेळी एवढंच बघायचं असतं की जोडीदाराची तपासणी झाली आहे का. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, आणि अगदी मोकळं सुटण्याची २५. ‘प्रत्येक’ या शब्दाखाली रेघ मार. ‘चार मुलांपैकी एकाला होणारच’ असं उत्तर दरवर्षी ढिगाने येतं आणि दरवर्षी ते चुकीचंच असतं. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही.

आता अवघड प्रश्न. इतका त्रास देणारं जनुक टिकलं कसं? नैसर्गिक निवडीने ते केव्हाच गळून पडायला हवं होतं. याचं उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत काम करून मांडलं. वाहकांना मलेरियाचं गंभीर रूप होण्याची शक्यता बरीच कमी असते. म्हणजे जिथे मलेरिया होता तिथे एक प्रत असलेली माणसं जास्त जगली, त्यांना जास्त मुलं झाली, आणि जनुक पुढे जात राहिलं. दोन प्रती असलेली मुलं दुर्दैवाने दगावत राहिली. मलेरियाच्या प्रदेशांचा आणि सिकलसेलच्या प्रदेशांचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर बराच जुळतो. आफ्रिकेत जुळतो, भूमध्य समुद्राच्या काठी जुळतो आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातही जुळतो. तुझा चंद्रपूर, शेजारचा गडचिरोली, तिकडे नंदुरबार, हे जिल्हे त्याच पट्ट्यातले. देशाने २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, २०४७ पर्यंतचं लक्ष्य ठेवून. अशा तपासण्यांमागे हाच विचार आहे.

बघ, एका आजारात प्रथिनाचा आकार झाला, उत्परिवर्तन झालं, आनुवंशिकता झाली, परजीवीचा रोग झाला आणि नैसर्गिक निवडही झाली. हे सगळं तू सलग एका कागदावर, पुस्तक मिटून, बाणांनी जोडून लिहू शकलीस की तुझं ‘विकरं एकीकडे, रोग दुसरीकडे’ हे दुखणं बरंच कमी होईल. ताईचे रंगीत तक्ते मला चालतात, पण असे. पुस्तकातून बघून रंगवलेले नकोत. ते सुंदर दिसतात आणि डोक्यात काही ठेवत नाहीत.

रोगांचा भाग तुलनेने सोपा आहे, फक्त मुलं तो नावांच्या यादीसारखा पाठ करतात आणि मग टायफॉइड विषाणूच्या रकान्यात जाऊन बसतो. प्रत्येक रोगाला चार प्रश्न विचार: कोणामुळे होतो, कोण किंवा काय वाहून आणतं, शरीरात कुठे घर करतो, आणि कशाने थांबतो. मलेरियाचं उत्तर लिहून बघ. होतो प्लाझमोडियम या आदिजीवामुळे, आणते ॲनाफिलिस डासाची मादी. डास हा मलेरियाचं कारण नाही, वाहक आहे, म्हणजे रोग वाहून आणणारा (मैत्रिणीच्या ‘वाहक’चा अर्थ वेगळा, तिथे जनुकाची एक बदललेली प्रत). १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात तो परजीवी दिसला आणि पुढे १९०२ चं नोबेल मिळालं. डेंग्यूचा डास वेगळा, एडिस, दिवसा चावणारा, आणि रोग विषाणूजन्य.

या चार प्रश्नांतला दुसरा प्रश्न किती महाग पडू शकतो हे आपल्या महाराष्ट्राने भोगलंय. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. रोगाचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, म्हणजे ‘कोणामुळे’ हे माहीत होतं. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे माहीत नव्हतं. म्हणून घरं धुतली, सामान जाळलं, माणसांना ओढून छावणीत नेलं आणि उंदरांवरच्या पिसवा मोकळ्याच राहिल्या. पिसवांचा धागा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवला. दरम्यान पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७ ला. त्याच वर्षी जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात प्लेग येतो तेव्हा रँड आणि चापेकर येतात. विज्ञानाच्या उजळणीत पिसूही आठव.

लस आणि प्रतिजैविक यांत गल्लत करू नकोस. लस शरीराला आधीच ओळख करून देते, पांढऱ्या पेशी प्रतिपिंडं तयार करायला शिकतात आणि स्मृतीपेशी मागे राहतात. जेन्नरच्या देवीच्या लसीचं १७९६ साल आणि देवी रोगाचं १९८० सालचं जागतिक निर्मूलन, ही दोन टोकं लक्षात असू दे. प्रतिजैविक हे रोग झाल्यावर जिवाणूंवर मारा करणारं औषध. विषाणूंवर ते चालत नाही, कारण ते ज्या गोष्टींवर घाव घालतं, जसं जिवाणूंची पेशीभित्तिका, त्या विषाणूंकडे नसतातच. सर्दीला प्रतिजैविक मागणाऱ्या काकांना हे सांगून बघ. काका ऐकणार नाहीत, तुझा सराव मात्र होईल.

इथूनच परत उत्क्रांतीत शिरता येतं. ‘औषधाची जिवाणूंना सवय होते’ हे वाक्य माझ्या समोर आलं की मी अर्धा मार्क कापायचो. सवय होत नाही. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांना दुप्पट होतात. एका जिवाणूपासून दहा तासांत, कागदावर तरी, १०७ कोटी. एवढ्या प्रती काढताना कुठेतरी अक्षर चुकतंच, म्हणजे उत्परिवर्तन होतं, आणि एखाद्या चुकीने औषध निष्प्रभ करणारं विकर तयार होऊ शकतं. असा जिवाणू औषध येण्याच्या आधीच गर्दीत असतो. औषध बाकीच्यांना मारतं, हा उरतो, आणि पुढची सगळी प्रजा याची. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात या धोक्याचा इशारा दिला होता. क्षयरोगाचे उपचार सहा महिने न चुकवता घ्यायला सांगतात त्यामागचं एक मोठं कारण हेच, अर्धवट औषधाने चिवट जिवाणू मागे राहतात.

हे पक्कं झालं की उत्क्रांतीवरची तुझी भाषा आपोआप सुधारेल. ‘जिराफाने उंच पानं खाण्यासाठी मान लांब केली’ हा लामार्क. ‘लांब मानेचे जिराफ आधीपासून होते, ते जास्त टिकले, त्यांना जास्त पिल्लं झाली’ हा डार्विन. उत्तरात ‘गरजेनुसार’, ‘प्रयत्नाने’, ‘स्वतःला बदलले’ असे शब्द आले की समज, पेन लामार्ककडे वळलाय. एकटा प्राणी उत्क्रांत होत नाही, पिढ्यांमागून पिढ्या जाताना सगळ्या समूहात बदल होतो. आणि माणूस आजच्या माकडापासून झाला असं कोणीही म्हटलेलं नाही. चिंपांझी आणि आपण एकाच पूर्वजाच्या दोन फांद्या आहोत, वेगळ्या होऊन सुमारे ६० ते ७० लाख वर्षं झाली. जोडणाऱ्या दुव्यांची उदाहरणं, पेरीपॅटस, डक-बिल प्लॅटीपस, लंगफिश, ती मात्र सरळ पाठ कर. कोणता प्राणी कोणत्या दोन गटांच्या मधे, एवढंच विचारतात. अवशेषांगांचंही तसंच: आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढा.

एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा, २०२३ मध्ये, देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. तुझ्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो पहिल्याच धड्यात आहे, त्याबद्दल मी तरी मंडळाचा आभारी आहे.

आठवी-नववीचं किती करायचं? सगळं नको. पेशीची रचना, पचनसंस्था, रक्ताभिसरण, रोगांचा धडा आणि नववीतला आनुवंशिकतेचा धडा, तो तर नक्कीच. प्राण्यांच्या वर्गीकरणात पाठांतराला पर्याय नाही. रोज झोपण्यापूर्वी एक संघ, त्याची तीन लक्षणं आणि दोन प्राणी. हरित ऊर्जा आणि आपत्ती व्यवस्थापन शेवटच्या आठवड्यावर ठेवलंस तरी चालेल, तिथे वाचलेलं लगेच लिहिता येतं.

आता पेपर. दोन तास, ४० गुण. तुझे गुण कुठे गेले हे मी उत्तरपत्रिका न बघताही सांगू शकतो: शास्त्रीय कारणं आणि तीन गुणांची उत्तरं. ‘ताप खूप वाढणे धोकादायक असते, शास्त्रीय कारण लिहा’ असं आलं आणि तू ‘कारण त्यामुळे शरीराला अपाय होतो’ असं लिहिलंस, तर तू प्रश्नच दुसऱ्या शब्दांत परत दिलास. ‘शरीरातल्या रासायनिक क्रिया विकरांमुळे चालतात, विकरे प्रथिने असतात, तापमान फार वाढले की त्यांचा आकार बिघडू लागतो, त्यामुळे त्या क्रिया मंदावतात किंवा थांबतात’, असं लिहिलंस की चार पायऱ्या झाल्या. प्रत्येक कारणाला स्वतःला ‘म्हणजे कसं?’ असं विचारत जा, आणि उत्तर पेशीपर्यंत किंवा रेणूपर्यंत पोहोचेतो थांबू नकोस. आकृत्या पेन्सिलने, नावं उजव्या बाजूला एका रेषेत. सूत्री विभाजनाच्या अवस्था काढताना गुणसूत्रांची संख्या मोजून काढ, नुसत्या रेघोट्या नकोत.

बाबांना सांग, डायजेस्टवर पैसे घालण्यापेक्षा मागच्या काही वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका आणा. डायजेस्टमध्ये उत्तर शेजारीच छापलेलं असतं, डोळा तिकडे जातोच, मग पुन्हा तीच पिवळ्या मार्करची गत. आणलंच असेल तर फेकू नकोस. आधी उत्तर स्वतः लिही आणि मग त्याच्याशी ताडून बघ. दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तपासायला बाईंना दे. त्यांना वेळ नसेल तर त्या मैत्रिणीला दे आणि तिची तू तपास. सिकलसेलवरचं उत्तर दोघींपैकी कोणाचं जास्त चांगलं येतं, ते मला कळव.